भिंतीकडे तोंड

आत सहा पाट होते. सहा केळीची पानं, पाण्याचे सहा पेले, आजोबांच्या पानाशी ताडीची बाटली, एक समई. खिडकी एकच, तिला आतून कडी. मांजर नव्हतं, कोठीत, माळ्यावर, नारळांच्या ढिगामागे मी स्वतः पाहिलं होतं.

पाच पाट गुळगुळीत. सहाव्याच्या पुढच्या कडेला यतीशनं सातवीत असताना खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलं होतं आणि त्यासाठी केरसुणीचा मार खाल्ला होता. नावाची बाजू आमच्याकडे, मागे भिंत. मी त्या पाटाभोवती खडूची रेघ ओढली आणि सगळ्या जमिनीवर तांदळाचं पीठ चाळलं.

“झाली का तुझी प्रयोगशाळा?” मामा दारातून म्हणाला. “की गेलेल्यांनी आधी सही करून आत यायचं?”

ऐन पावसाळ्यातल्या आटी महिन्यात आमच्याकडे घरातले गेलेले जेवायला येतात. पानं वाढायची, नावं घेऊन बोलवायचं, दार ओढून बाहेर गप्प उभं राहायचं. थोड्या वेळानं मामानं खाकरायचं आणि दार उघडायचं.

यतीश माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात चिऱ्याची जुनी खाण काठोकाठ भरली होती, तिथे तो पोहायला गेला. अम्मा नको म्हणाली होती. तो हसून गेला.

त्यानंतर दोन्ही वर्षी दार उघडल्यावर त्याचा पाट फिरलेला होता. नाव भिंतीकडे.

जिवंतपणीही तो हेच करायचा. घरात बिनसलं की पाट फिरवून भिंतीकडे तोंड करून जेवायचा. अम्मा ओरडायची, तो ऐकायचा. मग वळायचा, पण एकदम नाही. आधी आडवा बसायचा, एक कान आमच्याकडे करून.

“यंदा फिरला, तर उद्या मांत्रिक येईल,” मामानं आधीच सांगून ठेवलं होतं. “मागच्या फणसात खिळा ठोकून त्याला बसवून टाकू. घरात लहान पोरं आहेत, अक्का.”

“मग पुढच्या आटीत तो जेवायला येणार नाही?” अम्मानं विचारलं.

“खिळ्यातून कसा येणार?”

अम्माचा जबडा हलला. दात आवळून आवळून तिची एक दाढ फुटली होती. तीन वर्षांत यतीशबद्दल तिच्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला नव्हता.

दिवे लागायच्या वेळी तिनं त्याच्या पानावर कोंबडीचं सुकं वाढलं. “ये माझ्या सोन्या. अळूचे पत्रोडेही केलेत बघ. पोटभर जेव हं, राजा.”

दार ओढलं. बाहेर पाऊस, आत काही नाही. मग लाकूड जमिनीवर घासल्याचा आवाज आला. मामानं माझ्याकडे पाहिलं नाही.

तो खाकरला. दार उघडलं. नाव भिंतीकडे होतं. पाट खडूच्या रेघेत अगदी नीट बसलेला, फक्त उलटा. पिठावर एकही ठसा नाही.

“संपलं,” मामा म्हणाला. “सकाळी निरोप पाठवतो.”

अम्मा उंबऱ्यातच उभी होती. मला काय सुचलं कोण जाणे. “अम्मा, तो असताना तू त्याच्याशी असं बोलायचीस?”

“असं म्हणजे कसं?”

“पाहुण्याशी बोलल्यासारखं.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरकले. मग ती आत गेली, पीठ तुडवत, थेट त्याच्या पाटासमोर.

“सोन्या,” ती म्हणाली आणि थांबली. “सोन्या कसला! माकडा! नको म्हणाले होते ना? हसलास माझ्यावर? मी दारात उभी होते, टॉवेल हातात घेऊन, आणि तू हसत गेलास!”

“अक्का, गेलेल्याला असं...”

“तू गप्प बस, संजीवा! माझा पोरगा आहे.” तिचा आवाज फाटला. “लोक म्हणतात विसर. विसरू कशी? तुझा राग येतो मला. सकाळी उठल्यावर येतो, तुझे कपडे दिसले की येतो. उद्याही येईल. येऊ दे. मरेपर्यंत ओरडेन तुझ्यावर आणि दर वर्षी पानही वाढेन. आता तोंड पाडून बसू नकोस. गिळ!”

ती तिथेच खाली बसून रडली, मोठ्यानं, नाक पुसत. आजवर ती अशी रडली नव्हती. मामा चौकट धरून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं ती उठली. मी तिची पावलं झाकली जातील इतकं पीठ पुन्हा चाळलं. दार तिनं स्वतः ओढलं.

यावेळी आवाज दोनदा आला. थोडासा, आणि थांबून थोडासा.

“खाकर,” अम्मा म्हणाली. मामाला जमेना. मग तीच खाकरली.

पीठ कोरं होतं. पाट आडवा झाला होता, कोपरे खडूच्या रेघेबाहेर आले होते. मी वाकून कोनमापक लावला.

भिंतीपासून शहाऐंशी अंश.