फळीला टेकू

डोक्याने फळी तोलून धरत लिफ्टवाल्याने डावा हात स्टुलाकडे लांबवला. स्क्रू-ड्रायव्हर चार बोटं लांब राहिला. मग त्याने पायाने स्टूल ओढून घ्यायला पाहिलं, तर स्टूल रुसल्यासारखं आणखी मागे सरकलं.

"झाली का पंचाईत," तो फळीखालच्या तारांना म्हणाला.

बाहेरच्या खोलीतलं ते पिनबॉलचं मशीन त्याने एका बंद पडलेल्या खेळघरातून आणलं होतं. चार पायांवर लांब पेटी, वर काच, काचेखाली उतरती फळी. फळीवर दिवे, रबरी खुंट आणि खालच्या टोकाला दोन पाती. पोलादी चेंडू घरंगळत खाली आला की पात्याने फटका मारून वर पाठवायचा, एवढाच खेळ. पण साऱ्या तारा फळीच्या पोटाला. काही बिघडलं की काच काढायची आणि भरल्या पोत्याएवढी जड फळी पुढून उचलायची, मोटारीचं बॉनेट उचलतात तशी. उचलून झाली की ती बायको धरायची. बायको गेली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हापासून मशीनला कोणी हात लावला नव्हता.

आज लावला तो पैजेपायी. लेक भेटायला आली होती आणि दर वेळेसारखं तिने सुरू केलं होतं, की बाबा, आता एकटे राहू नका, माझ्याकडे चला. तो नाही म्हणाला. मग तिने मशीनकडे बोट दाखवलं. डावं पातं मेलंय ना, तेवढं एकट्याने दुरुस्त करून दाखवा, मी पुन्हा विषय काढणार नाही. तू बाजारातून येईपर्यंत करतो, तो म्हणाला. बाप-लेकीत इतकं लांब बोलणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. एरवी औषध घेतलं का, घेतलं, इथेच गाडी थांबायची. बायको होती तेव्हा इकडचं तिकडे तीच पोचवायची.

जन्मभर त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली होती. हाताखालच्या पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती, की डोक्यावर जे आहे त्याला आधी टेकू द्या, मग खाली शिरा. हाताने धरणं म्हणजे टेकू देणं नव्हे. आणि आता त्याने ती फळी हातानेसुद्धा धरली नव्हती.

त्यातून आणखी एक गोष्ट तो विसरला होता. फळी उचलण्याआधी चेंडू काढून घ्यायचे असतात. तेही बायकोचंच काम. त्याने मान जराशी वळवली आणि चेंडू एकामागून एक पेटीबाहेर पडून फरशीवर धडधडत गेले.

थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरचा शिंपी दारात उभा होता, गळ्यात टेप, कानावर खडू. त्याला सगळे मास्तर म्हणत.

"लिफ्टवाले, माझ्या डोक्यावर काय पाडताय?"

"आत या. पण खाली बघून."

मास्तरांनी खाली सोडून सगळीकडे बघितलं, एका चेंडूवर पाय दिला आणि पडद्याला लोंबकळत आत आले.

"अडकलात होय?"

"अडकलो नाही. धरून उभा आहे."

"डोक्याने?"

"हात मोकळे राहतात."

मास्तरांना हसू आवरेना. लिफ्टवालाच अडकला हे गल्लीत सांगितल्याशिवाय आपल्याला जेवण जाणार नाही, असं त्यांनी कबूल केलं. मग टेप काढून पेटीच्या कडेपासून फळीपर्यंतचं अंतर मोजलं, कारण मोजल्याशिवाय त्यांचं कुठलंच काम पुढे सरकत नसे. माप घेऊन खाली गेले आणि आपला लाकडी गज घेऊन आले. गज फळीखाली लावला, तो धनुष्यासारखा वाकला आणि उडून सोफ्याखाली गेला. मग झाडू आणला. झाडू घसरला आणि फळी वीतभर खाली येऊन लिफ्टवाल्याच्या टकलावर बसली. शेवटी मास्तरांनी स्वतःच दोन्ही हात लावले आणि आपल्या कंबरेविषयी बोलू लागले.

लिफ्टवाल्याने डोकं सोडवलं, मान चोळली आणि टेकू कुठे देता येईल ते बघायला पेटीत वाकला. उजव्या भिंतीला लागून, खाचेत आडवी बसवलेली एक लोखंडी दांडी होती. एक टोक पेटीला जोडलेलं. दुसरं त्याने वर उचललं, तर ते फळीखालच्या खळग्यात खटकन बसलं. मशीन बनवणाऱ्यानेच दिलेला टेकू.

मास्तरांनी एक हात काढून बघितला, मग दुसरा. फळी ढिम्म हलेना.

"इतकी वर्षं तुम्हाला ही दिसली नाही?"

"मी डावीकडून काम करायचो. इथे ती उभी असायची."

दांडीच्या टोकाला, फळीला ओरखडा जाऊ नये म्हणून, एक चौकड्याचं फडकं गुंडाळून शिवलं होतं. स्वयंपाकघरात हात पुसायला असायचं तसलं. वापरून वापरून ते मधोमध विरलं होतं. मास्तरांनी चष्मा वर सरकवून टाका पाहिला.

"वहिनींचा आहे. गाठ आत दाबलीय बघा. मीच शिकवली होती त्यांना." ते जरा थांबले. "म्हणजे त्यांना दांडी ठाऊक होती. मग फळी हाताने कशाला धरत होत्या?"

लिफ्टवाला चेंडू गोळा करायला लागला. वाकून, एकेक, वाटीत. चेंडू थोडेच होते, पण त्याला बराच वेळ लागला. मास्तरांनी सोफ्याखालून आपला गज काढला आणि ते या वेळी नीट खाली बघत निघून गेले. त्यांना ते सहसा जमत नसे.

काम फार नव्हतं. डाव्या पात्याची एक तार सुटली होती. सोल्डरिंगची सळई तापेपर्यंत तो तसाच बसून राहिला. समोरासमोर बसला की त्याच्या तोंडाला कुलूप असायचं. डोकं पेटीत गेलं की मात्र तो बोलत सुटायचा. अडकलेल्या लिफ्टमध्ये रडणाऱ्या साहेबाची गोष्ट. उंचीची भीती त्याला स्वतःलाच वाटायची, ती गोष्ट, जी त्याने कामावर कुणाला कळू दिली नाही. वरून ती एवढंच म्हणायची, "आणि मग?" हात दुखले का विचारलं तर म्हणायची, नाही हो, तुमचं चालू द्या.

तार जोडून झाली. त्याने मशीन सुरू करून बटण दाबलं. डावं पातं टणकन उडालं. पैज जिंकली होती.

जिन्यात लेकीची पावलं वाजली.

त्याने मशीन बंद केलं, सळईचा प्लग काढला. फळी खांद्यावर घेतली, दांडी काढून हळूच खाचेत परत बसवली आणि डोकं पूर्वीच्या जागी लावलं.

लेक पिशव्या घेऊन दारात थबकली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"ये, धर जरा."

"म्हणजे जमलं नाही."

"नाही जमलं. हरलो. इकडे उजवीकडे ये. दोन्ही हातांनी धर."

तिने पिशव्या ठेवल्या आणि आईच्या जागी येऊन उभी राहिली. त्याने डोकं आत घातलं आणि थंड सळई जोडलेल्या तारेवर टेकवली. बराच वेळ तो ती तशीच धरून होता.

"तुझं लग्न ठरलं ना," तो आतून म्हणाला, "त्या दिवशी मी कामावर गेलो आणि लिफ्टच्या खोलीत दार लावून बसलो."

फळी किंचित हलली, मग स्थिर झाली.

"बाबा, त्या सळईचा प्लग..." लेक म्हणाली आणि थांबली.

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "आणि मग?"