एक की दोन

रविवारी सकाळी ऐकायला बसलं की आमच्या नवनगरच्या घरात पंखा बंद असायचा, त्याची घरघर नको म्हणून. खिडक्याही बंद, कारण बाहेर हुबळी-धारवाड बसचे हॉर्न. मी दोन स्पीकरांच्या समोर बरोबर मध्ये खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. पाठीमागे टेबल, टेबलावर एरवी झाकून ठेवलेले दोन प्रीअँप, एकावरून दुसऱ्यावर जायचा स्विच, आणि टेबलापाशी माझे वडील. मागे वळायचं नाही. ‘डोळे मध्ये आले की कान आळशी होतात,’ असं अप्पांचं मत. मत कसलं, कायदाच.

१९९९ साल होतं. लोक कॅसेटी टाकून सीडी घ्यायला लागले होते, आणि आमच्याकडे अजून रेकॉर्ड वाजत होत्या. रेकॉर्डचा बारीक आवाज उचलून अँप्लिफायरकडे धाडणारा डबा म्हणजे प्रीअँप. आमचे दोन्ही व्हॉल्व्हचे. म्हणजे आत काचेच्या नळ्या, तापल्या की लालसर उजळणाऱ्या. एक डबा अप्पांनी बनवलेला, दुसरा त्यांचे रेल्वेतले सोबती गणपतकाका यांनी. दोघांनी एकाच टेबलावर, एकाच आकृतीवरून जोडलेले. काका वारल्यावर त्यांच्या मुलाने तो आमच्याकडे आणून दिला. तेव्हापासून ‘एक’ म्हणजे काका आणि ‘दोन’ म्हणजे अप्पा.

मला सांगलीच्या एका कॉलेजात गाणं शिकवायची नोकरी लागली होती. हजर व्हायची तारीख मी एकदा पुढे ढकलून घेतली होती. आता बुधवारी हजर झाले नाही तर नोकरी गेली. अप्पा ‘जाऊ नको’ म्हणाले असते तर मी कडाकडा भांडले असते. भांडण मला चांगलं जमतं. पण ते म्हणाले, “जा की ग. मी कशाला अडवू? तेवढं एक की दोन ठरवून जा. माझे कान गेले आता, वरचे स्वर ऐकूच येईनात. जो चांगला तो ठेवतो, ऐकत बसतो. मग मला कुणी नको.”

किती साधं! मी ‘दोन’ म्हटलं की, “मला बरं वाटावं म्हणून बोलतेस.” ‘एक’ म्हटलं की अप्पा आठवडाभर दार लावून आपल्या डब्यातले कपॅसिटर बदलत बसणार आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. ‘दोन्ही सारखेच’ म्हटलं की, “तुझं लक्ष नव्हतं.” आई असती तर स्वयंपाकघरातून ओरडली असती, ‘सोडा हो तिला!’ आता ओरडायलाही कुणी नव्हतं. त्या खुर्चीत माझा जीव गुदमरायचा.

त्या रविवारी विलंबित ख्याल लागला होता.

“एक,” अप्पा म्हणाले. खट्. “दोन.”

एवढ्यात शेजारच्या अंबूताई फाटकातून ओरडल्या, “दीपश्री, नीर बंदाव!”

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. पाणी आलं की माणसं भरल्या ताटावरून उठतात. मीही उठले.

“सुम्न कूड,” अप्पांनी मला दटावून बसवलं. “आत्ता कुठं कान लागलाय तुझा. पाणी मी बघतो.”

गुडघे आखडलेला माणूस बादली घेऊन निघाला, आणि मी धडधाकट बाई खुर्चीत! मला माझाच संताप आला. मी वळले.

काकांच्या डब्यातल्या नळ्या उजळल्या होत्या. अप्पांच्या डब्यात नळ्याच नव्हत्या. रिकाम्या खोबणींवर धूळ बसली होती. मी स्विच ‘एक’वर टाकला, पुन्हा ‘दोन’वर. गाणं तसंच चालू. स्विचच्या दोन्ही बाजूंच्या वायरी काकांच्याच डब्याला जोडल्या होत्या.

मागच्याच रविवारी मी छाती ठोकून सांगितलं होतं, ‘दोनमध्ये तंबोरा जास्त मोकळा वाटतो.’ अप्पांनी गंभीरपणे मान हलवली होती.

मला हसू आलं. काकांचा डबा चांगला, हे अप्पांचं केव्हाच ठरलेलं होतं. ठरलं असं सांगितलं असतं तर मी गेले असते, एवढंच. मला राग आला, फार राग आला. आणि हा माणूस मी गेल्यावर या घरात कसा राहील, याची भीतीही वाटली.

मी खुर्ची फिरवली आणि टेबलाकडे तोंड करून बसले.

अप्पा आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. फिरलेली खुर्ची बघून ते दारातच थांबले.

“एक की दोन?” त्यांनी विचारलं. सवयीनेच विचारलं असावं.

“दोन,” मी म्हणाले. “तुमचा.”

आता ते नेहमीचं वाक्य बोलतील म्हणून मी थांबले. ते रिकाम्या डब्याकडे बघत राहिले.

“नीट ऐकलंस?”

“नीट ऐकलं, अप्पा. मंगळवारी सकाळच्या गाडीने निघते.”

रेकॉर्ड संपली होती, सुई नुसतीच खरखरत होती. ती उचलायला अप्पा आले नाहीत. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंखा लावला.