स्फाक्सच्या जिवाणूचा रोजा

रमजानची संध्याकाळ होती. स्फाक्स शहरात रोजा सोडायची तोफ झाली आणि प्रयोगशाळेतला साखरेचा पंप बंद पडला.

मी त्या साखरेवर जगणारा एक जुना जिवाणू आहे. जुना म्हणजे माझा वंश जुना. मी स्वतः रोज नवा होतो. मित्रांनो, आमचे मूळ कातडी कमावण्याच्या कारखान्यामागच्या मातीत. कातड्यावरचे केस सोडवणारे प्रथिन मी बनवतो. एरवी त्या कामाला चुना आणि जहाल रसायने लागतात, त्यांनी कामगारांचे हात सोलवटतात. प्रयोगशाळेतल्या संशोधक रौधाबाईंनी माझ्या जनुकांत बदल केला. मी ते प्रथिन कितीतरी पट बनवू लागलो. माझ्या पेशीच्या दारांतून बाहेर जाण्याची खूणही त्यांनी प्रत्येक प्रथिनाला जोडली.

पण माल भराभर आणि दारे मोजकी. सगळे दारातच तुंबायचे. "शुक्रवारपर्यंत बाहेर काही आलं नाही, तर हा वाण वाफेच्या भांड्यात घालून संपवा," असे संचालकांनी बजावले होते. आमचे काहीच उरणार नव्हते.

जेवण आटोपून रौधाबाई परतल्या आणि थबकल्या. प्रयोगशाळेचे पहारेकरी मोंजीभाऊ शोरबा पीत बसले होते.

"मोंजीभाऊ, पंपाची पिन कुणी काढली?"

"मीच. शोरबा गरम करायचा होता. दिवसभर उपाशी माणूस गार शोरबा पितो होय?"

"आणि माझे जिवाणू?"

"त्यांनाही घडू दे की एक रोजा! पुण्य लागेल."

"पुण्य तुम्हाला, बोलणी मला!"

रागातच त्यांनी नमुना तपासला. मग पुन्हा तपासला. उपासाने माझा वेग मंदावला होता, दारातली गर्दी ओसरली होती आणि अडकलेले प्रथिन बाहेर आले होते.

"मोंजीभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "उद्याही शोरबा गरम कराल ना?"

"आता स्वतःहून विचारताय? मग बरोबर खजूरही आणा!"

शुक्रवारी वाफेचे भांडे रिकामेच राहिले. तेव्हापासून मला साखर बेताने मिळते. त्या दोघांचे उपकार मी विसरत नाही. मित्रांनो, ज्याच्याकडून काम घ्याल, त्याला खायला द्या. पण काम उरकायला उसंतही द्या.

आज सकाळी मला कारखान्याच्या मोठ्या टाकीत सोडले आहे. इथे आम्ही कोट्यवधी आहोत. एवढ्या गर्दीतही प्रथिन बाहेर येते का, हे तपासायला रौधाबाईंनी पहिला नमुना नेला आहे. त्या अजून परतलेल्या नाहीत.