सहा व्होल्टचा बल्ब

चारा छावणीच्या भोंग्यावरून गहिनीनाथचं नाव पुकारलं तेव्हा तो म्हशीला पाणी दाखवत होता. दुपारचे बारा वाजत आले होते. भोंग्यावर नाव आलं की जनावरांची मोजणी नाहीतर चाऱ्याची तक्रार, म्हणून तो बादली संपेपर्यंत थांबला. मग उसाच्या वाढ्यांच्या ढिगाला वळसा घालून कार्यालयाच्या पत्र्याखाली गेला. तिथे शेजारचा भारत मोटारसायकलवरच बसून होता. त्याने गहिनीनाथकडे पाहिलं नाही.

"काका, घरी चला," एवढंच म्हणाला.

गहिनीनाथने विचारलं, आई का? भारतने नकारार्थी मान हलवली. मग गहिनीनाथने पुढे काही विचारलं नाही, कारण आई सोडली तर घरात एकच माणूस होतं.

त्याची बायको, कडूबाई, सकाळच्या पाळीला आडात उतरली होती. पाय सुटला. वर शेजारची छबुबाई घागरीचा दोर धरून उभी होती. तिला घागर आदळल्याचा आवाज आला आणि मग काहीच आलं नाही. माणूस उतरवून तिला वर काढलं तेव्हा गळ्यात दोरीने अडकवलेली बॅटरी चालूच होती, असं जो तो गहिनीनाथला सांगत होता.

आड पन्नास फूट खोल आणि दोन माणसं शेजारी उभी राहणार नाहीत इतका अरुंद. भिंतीतून पाय ठेवण्यापुरते बावीस दगड बाहेर काढलेले, एक डावीकडे, एक उजवीकडे. एरवी पोहऱ्याने पाणी निघायचं. दुष्काळात तळाच्या खडकात एक खोबण तेवढी ओली राहिली. खाली उतरून वाटीने घागर भरायची आणि वरच्या माणसाने ती ओढून घ्यायची. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, त्यात जनावरांचं तर सोडाच, माणसाचंही भागत नव्हतं. अकरा घरांनी मारुतीच्या देवळात चिठ्ठ्या टाकून पाळ्या लावून घेतल्या. कडूबाईच्या चिठ्ठीत सकाळी सहा ते साडेसात आलं, दर चौथ्या दिवशी. दुपारी ऊन डोक्यावर आलं की आडाचा तळ दिसायचा, पण त्या पाळ्या दुसऱ्यांना निघाल्या होत्या. सकाळी उतरणाऱ्याला बॅटरी लागायची.

सुतकात घराने आडाला हात लावायचा नाही, म्हणून तेरा दिवस शेजाऱ्यांनी कळशी कळशी पाणी आणून ओतलं. तेरावं झाल्यावर आणखी दोन पाळ्या गेल्या आणि गहिनीनाथ उतरला नाही. मग पाळ्यांचं बघणारे मोहनराव दारात येऊन बसले. त्यांना सांगणं जड जात होतं, पण त्यांनी सांगितलं. लागोपाठ तीन पाळ्या कुणी उतरलं नाही तर पाळी पुढच्या घराला जाते, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. दुपारची पाळी बदलून मिळेल का, असं गहिनीनाथने विचारून पाहिलं. मोहनराव म्हणाले की चिठ्ठ्या देवासमोर निघाल्यात, एकाची बदलली तर अकराही घरं उठून येतील. ते खरंच होतं.

गहिनीनाथची आई, केसरबाई, पंच्याहत्तरीची. ती म्हणाली, मला दोर बांधून सोड. तिच्याशी तो त्या दिवशी बोललाच नाही. छावणीत तीन जनावरं त्याचा मेव्हणा उत्तरेश्वर सांभाळत होता, पण मोजणीला छावणीच्या कार्डावरचा माणूस हजर नसला की दावणीचा चारा बंद. पाळी शुक्रवारी सकाळी होती, मोजणी शनिवारी. छावणीत बसावं तर घरात पाणी नाही, घरी बसावं तर जनावरं उपाशी, आणि दोन्हीच्या मध्ये तो आड.

गुरुवारी तो बॅटरी घेऊन कडा गावाला अर्जुनरावच्या दुरुस्तीच्या दुकानात गेला. बॅटरी जुनी, चार्जिंगची, स्टीलच्या अंगाची. महिला दूध संस्थेने वर्षात सगळ्यात जास्त दूध घातलं म्हणून कडूबाईला दिलेली. तिने ती भांड्याच्या दुकानात नेऊन तिच्यावर आपलं नाव घालून घेतलं होतं, तांब्या-पातेल्यावर ठिपक्यांनी घालतात तसं. दुष्काळात जनावरं छावणीला गेली आणि संस्था बंद पडली. बॅटरी राहिली.

अर्जुनरावने बटण दाबून पाहिलं, पुढची काच फिरवून काढली आणि बल्ब उजेडाकडे धरला.

"ह्यो कुणी घातला?"

"मीच धाडला होता. कावून?"

"अहो, ही चार व्होल्टची बॅटरी हाय. ह्यो सहाचा बल्ब हाय. ह्याला एवढ्यात काय होतंय? काजव्यावानी लागणार."

गहिनीनाथने बल्ब हातात घेऊन आकडा पाहिला. मग म्हणाला, "सहा मोठं न्हाई का?"

अर्जुनराव हसला. बरेच जण असंच करतात म्हणाला. मोठा आकडा बघून घेतात आणि मग बॅटरीला शिव्या देतात. त्याला काही माहीत नव्हतं. गहिनीनाथने त्याला सांगितलंही नाही.

गुढीपाडव्याला कडूबाईने छावणीतलं दूध न्यायला जाणाऱ्या गाडीवाल्याबरोबर निरोप पाठवला होता की बल्ब गेलाय, चांगला उजेड पडणारा पाठवा. छावणीजवळच्या टपरीवर दोन बल्ब होते. एकाच्या पितळी कड्यावर तीन पूर्णांक आठ लिहिलेलं, दुसऱ्यावर सहा. आपल्या माणसाला अंधारात उतरायचंय म्हणून त्याने सहाचा घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवाल्याजवळ दिला. त्याचं त्याला बरं वाटलं होतं. तिचा उलट निरोप आला, लागतोय म्हणून. एवढाच.

अर्जुनराव म्हणाला की आता एलईडी घाला, त्याच मापाचा मिळतो, सेल तोच राहतो आणि उजेड दहापट. त्याने एक काढून बसवला. लागला नाही. काढून परत बसवून पाहिला, तरी नाही. मग त्याने आतली पट्टी चाचपली आणि म्हणाला, हिच्या बनवणाऱ्यानं उलटं केलंय, मधे वजा आणि अंगाला अधिक. जुन्या बल्बला कसंही चालतं, ह्याला चालत नाही. दोन तारा कापून अदलाबदल करू, नाहीतर आतलं सगळं काढून नवी प्लेट टाकू. त्यासाठी मागून अंग कापावं लागेल. नाव मागेच होतं.

"कापायचं न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "तारबी न्हाई."

"म्हंजे वस्तरा न लावता दाढी करा म्हणता."

"तसंच."

अर्जुनराव पुटपुटत खणात शोधत बसला. गहिनीनाथ हलला नाही. शेवटी एका काडेपेटीतून त्याने एक बल्ब काढला, कडं तेच, उंची तीच. हा दोन्हीकडून लागतो, तीनपासून नऊपर्यंत कसलीही बॅटरी चालते, महाग म्हणून कुणी घेत नाही, म्हणाला. बसवला. काही कापलं नाही, वाकवलं नाही, फक्त काच परत फिरवली. बटण दाबलं तर भर दुपारी समोरच्या भिंतीवर पांढरा गोल उमटला.

शुक्रवारी सहाला तो आडावर गेला. छबुबाई दोर घेऊन आधीच आली होती. मंजुळाबाई आणि आणखी दोघी पुढच्या पाळीच्या घागरी घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, दाजी, चपला काढा, तिथं गादी न्हाई. कुणी हसलं नाही. छबुबाईने त्याच्या कमरेला दोर बांधला आणि दोनदा ओढून पाहिला.

पहिले सात दगड वरच्या उजेडात दिसत होते. त्याने बॅटरी लावली ती आठव्याला. त्या दगडाच्या कडेवर पांढरी रेघ होती, बोटाने ओढलेली, चुन्याची. नवव्यावर तशीच. दहाव्यावरही. तो थांबला आणि वर बघून विचारलं, हे कुणी केलंय.

"तीच करायची," वरून छबुबाईचा आवाज आला. "एका पाळीला एक दगड. बॅटरीचं दिसत न्हाई म्हणायची."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तिनंच न्हाई सांगू दिलं. म्हणली, तिकडं जनावरात गुतलेत, उगं जिवाला घोर."

तो खाली उतरत गेला. चौदाव्यावर रेघ होती. तो मनात मोजत होता. आठ ते चौदा, सात दगड, सात पाळ्या, अठ्ठावीस दिवस. बल्ब हातात पडल्यापासूनचे सगळे. त्याने बॅटरी खाली धरली. नवा उजेड सरळ तळापर्यंत गेला, खोबणीतलं पाणी चमकलं, वाटी तिथेच पडलेली दिसली. पंधरावा दगड जागेवर होता, घट्ट, कोरडा. फक्त बाकीच्यांपेक्षा वीतभर उजवीकडे बसवलेला. दिसत होता तोवर त्याच्यावर पाय ठेवणं काहीच अवघड नव्हतं.

त्याने पाय सोडला. पाय दगडाला लागला. त्याने तो परत वर घेतला. असं त्याने तीनदा केलं. मग दोन्ही हातांनी भिंत धरून चौदाव्यावर उभा राहिला. वरून कुणी हाक मारली नाही. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही, पण मोहनराव येऊन साडेसात झाले म्हणाले ते ऐकू आलं.

तो वर आला तेव्हा घागर कोरडीच होती. मोहनराव काही बोलायच्या आत छबुबाई म्हणाली, "उतरला का न्हाई? उतरला. पाळी झाली." मोहनरावांनी मान डोलावली. मंजुळाबाईने आपल्या पाळीतली अर्धी घागर देते म्हणून सांगितलं आणि कमरेला दोर बांधून घेतला. उतरताना तिने बॅटरी मागितली. गहिनीनाथने दिली.

दुपारच्या गाडीने त्याला छावणीत जायचं होतं. मोजणी करून मंगळवारच्या पाळीला परत यायचं होतं. खालचे आठ दगड उतरायचे आहेत, आणि त्यांना चुना लावायचा राहिला आहे.