टोप्यांच्या वरून

उंच माणसांचा मला फार राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक जुना पेरिस्कोप आहे. लांबट चौकोनी नळी, वरच्या टोकाला एक आरसा आणि खालच्या टोकाला दुसरा. वरचा आरसा जे बघतो ते खालच्याला सांगतो आणि खालचा तुमच्या डोळ्याला. उंच माणसं पुढे येऊन उभी राहतात, म्हणून मला जन्म घ्यावा लागला. आणि वर तीच माणसं मला बघून हसतात!

शिकागोच्या एका कारखान्यात मला कापलं, दुमडलं, हिरवा रंग दिला. तिथून गोल्फच्या एका मोठ्या स्पर्धेच्या फाटकाशी, टोप्या आणि लिंबू सरबत विकणाऱ्या टपरीवर मी आलो. तिथे मला व्हर्ना लिंडक्विस्टने उचललं. व्हर्ना शाळेची बस चालवायची. ती इतकी ठेंगणी होती, की बसच्या सीटवर उशी घेतल्याशिवाय तिला रस्ता दिसत नसे. तिच्याबरोबर तिची धाकटी बहीण मर्टल होती. ती मात्र विजेच्या खांबासारखी उंच.

"अगं, कशाला ते खोकं? मी घेते ना तुला खांद्यावर," मर्टल म्हणाली.

"आधी स्वतःला सांभाळ. दोन पायऱ्या चढलीस तर धाप लागते तुला," व्हर्ना म्हणाली आणि मला काखेत मारून चालू लागली.

तिला मी का हवा होतो, ते मला त्याच दिवशी कळलं. त्या स्पर्धेत तिचा मुलगा डेल खेळत होता. तो नुकताच व्यावसायिक खेळाडू झाला होता, आणि त्याने आईला येऊ नको म्हणून बजावलं होतं. कारण असं, की डेलने फटका मारायला काठी उचलली की व्हर्ना डोळे गच्च मिटून घ्यायची. "आई, तू डोळे मिटलेस की मला वाटतं, आता चुकणारच," असं तो एकदा चिडून म्हणाला होता. व्हर्नाने बरं म्हटलं, आणि पुढच्याच आठवड्यात ती गर्दीच्या पार मागे, मला डोळ्याला लावून उभी होती. मुलाचा शब्द मोडायचा नाही आणि मुलाला बघायचं तर आहेच, असा तिचा हट्ट. मला हट्टी माणसं आवडतात.

माझ्यातून बघायचं तर डोळा उघडाच ठेवावा लागतो. सुरुवातीला व्हर्नाची पापणी थरथरायची, मध्येच मिटायची. मग ती स्वतःलाच दटावायची, "उघड बाई, उघड!" हळूहळू तिचा डोळा माझ्या खिडकीला सरावला.

त्यानंतर कित्येक उन्हाळे आम्ही हिंडलो. मोठमोठे खेळाडू मी अगदी जवळून पाहिले. टीव्हीवर ते संगमरवराचे वाटतात, पण तसं काही नसतं हो. एकाची नखं कुरतडून कुरतडून संपलेली. एक जण चेंडूला हळूच शिव्या द्यायचा आणि चेंडू नीट गेला की लगेच त्याची माफी मागायचा. सगळ्यांचा एक हात उन्हाने रापलेला आणि दुसरा पांढराफटक, कारण त्या हातात मोजा असतो. शेवटचा हलका फटका मारताना भल्याभल्यांच्या मानेची शीर उडताना मी पाहिली आहे. डेलची तर फार उडायची. पण त्याची एक सवय होती. झेंड्याजवळ आला की तो गर्दीकडे नजर टाकून टोपीला दोन बोटं लावायचा आणि मगच खेळायचा. लोक म्हणायचे, शकुन असेल. व्हर्नाही तसंच समजायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मर्टल हॅमचं सँडविच खात खात चक्क माझ्यावर बसली आणि माझी कंबर मोडली. व्हर्नाने औषधाच्या पेटीतली रुंद पांढरी पट्टी माझ्याभोवती गुंडाळली. हिरव्या अंगावर ती पट्टी लांबूनही उठून दिसायची. मला तिची लाज वाटायची.

आता त्या रविवारचं सांगतो. तो डेलचा शेवटचा हंगाम ठरेल अशी चिन्हं होती. नाव मोठं होत नव्हतं, पाठ दुखत होती. पहिल्या पंचवीस जणांत आलो नाही तर काठ्या विकून टाकीन आणि मामाच्या टायरच्या दुकानात जाईन, असं त्याने फोनवर आईला सांगितलं होतं. व्हर्नाने फोन ठेवला आणि ती मला शोधायला लागली.

दुपारी पाऊस आला. फार नाही, पण थांबेचना. व्हर्नाने मला कोटाखाली घेतलं. पण डेलचा फटका आला की ती मला बाहेर काढायचीच.

"अगं, लगदा झालाय त्याचा. टाकून दे!" मर्टल म्हणाली.

"तुझा झाला तर तुला टाकू का?" व्हर्ना म्हणाली.

मी प्रयत्न केला, मित्रांनो. जीव तोडून ताठ उभा राहिलो. पण शेवटच्या झेंड्यापाशी पोहोचलो आणि माझी मान वाकली. वरचा आरसा निसटला आणि कुणाच्या तरी बुटाखाली फुटला. डेलचा चेंडू भोकापासून दोन पावलांवर होता. तो आत गेला तर पंचविसावा नंबर, नाही तर टायरचं दुकान. आणि व्हर्नासमोर नुसत्या ओल्या पाठी.

"मर्टल, मला सांग, काय चाललंय?"

"उभा आहे. काठी टेकवली... अगं, मागे सरकला. गर्दीकडे बघतोय. पुन्हा आला. पुन्हा मागे. याला झालंय तरी काय?"

"टोपीला हात लावला का?"

"नाही लावला. कुणाला तरी शोधतोय बघ."

मग डेल हात पुसायच्या निमित्ताने गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपाशी आला आणि तिथे उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला काहीतरी म्हणाला. तो म्हातारा स्वयंसेवक गर्दीकडे वळून दबक्या आवाजात विचारू लागला, "एक ठेंगणी बाई असते, हिरवी डबी घेऊन. पांढरी पट्टी लावलेली डबी. आज ती दिसत नाही, म्हणून विचारतोय तो. बरी आहे ना ती?"

व्हर्नाचा हात माझ्याभोवती आवळला. इतकी वर्षं आम्ही लपलो होतो ना! टोप्यांच्या वर डोलणारी ती पांढरी पट्टी डेल रोज शोधत होता, आणि ती दिसली की तिलाच टोपीला बोटं लावून सलाम करत होता. आमच्या दोघांच्या लक्षात कधी आलं नाही.

"मी इथे आहे," व्हर्ना म्हणाली. कुणी हललं नाही, म्हणून पुन्हा जोरात म्हणाली, "अहो, सरका! मी इथे आहे!"

उंच माणसं सरकली. हे मी त्यांच्या बाजूने एकदाच बोलतो. व्हर्ना दोरीपाशी आली, माझा लोंबता देह हातात धरून.

"डबी मोडली?" डेलने विचारलं.

"मोडली रे. मी जाऊ का मागे?"

"आता कुठे जातेस? इथेच थांब. फक्त डोळे मिटू नकोस."

"नाही मिटत. तू खेळ."

त्याने टोपीला दोन बोटं लावली. पुढचं मला दिसलं नाही. माझ्याकडे फक्त खालचा आरसा उरला होता, आणि व्हर्नाने मला छातीशी उलटं धरलं होतं, त्यामुळे त्यात तेवढे तिचे डोळे दिसत होते. पावसाचं पाणी पापण्यांवरून ओघळत होतं. काठीचा आवाज आला. डोळे हलले नाहीत. मग भोकात चेंडू पडल्याचा तो पोकळ आवाज आला आणि सगळी गर्दी ओरडली. तरी ते डोळे उघडेच होते.

त्यानंतर डेल आणखी बरीच वर्षं खेळला. व्हर्ना दोरीला चिकटून पुढे उभी राहायला लागली आणि मी तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आलो. पहिल्या वर्षी मला वाईट वाटलं. कामाच्या वस्तूला फळी नकोशी होते. पण माझं काम पुरं झालं होतं, हे मला पटलं.

म्हणून मित्रांनो, जुन्या मोडक्या वस्तू टाकताना जरा थांबा. कोणती पट्टी कुणाला लांबून धीर देत असेल, सांगता येत नाही. आणि आपलं माणूस कठीण फटका मारायला उभं राहिलं, तर भीती वाटली तरी त्याच्याकडे बघत राहा.

अजूनही कधी कधी व्हर्ना मला खाली घेते, धूळ पुसते आणि सवयीने डोळा लावते. तिला माझ्यातून फक्त छत दिसतं. मला तिचा डोळा दिसतो. म्हातारा झालाय, पाण्याने भरतो, पण मिटत नाही.