पश्चिमेच्या खिडक्या

‘सावलीची बाजू’ या ब्लॉगवर पावणेदोन वर्षांत सत्तेचाळीस लेख आले होते, पण ते लिहिणारे कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नागपूरच्या इमारती, रस्ते, झाडं आणि ऊन यांच्याबद्दल मराठीत लिहिणारी ही चौघं. पुण्यातल्या एका संस्थेनं अशा ब्लॉगांची यादी करायला घेतली आणि कळवलं, की तुमच्या टीमची ओळख पाठवा; प्रत्येकाचा एक फोटो आणि तीन-चार ओळी.

अदितीनं आपल्या ओळी लगेच लिहिल्या. ती नगररचना शिकलेली, कॉलेजात शिकवायची, आणि ब्लॉगची कल्पना मुळात तिची. अनिश आर्किटेक्ट, पण घरं बांधण्यापेक्षा थर्मामीटर घेऊन गल्लीबोळांतलं तापमान मोजत फिरण्यात त्याचा जीव जास्त रमायचा. फोटो रुचिका काढायची. चौथ्या होत्या चंद्रकला हेडाऊ. वय सत्तावन्न. महाल भागातल्या बोळांची आणि गांधीबागेतल्या कापडदुकानांची हातानं काढलेली जी चित्रं ब्लॉगवर यायची, ती त्यांची.

त्या या तिघांत आल्या त्याही एका चुकीमुळे. ब्लॉगवर एका जुन्या जिन्याचं रेखाटन आलं होतं. खाली कोणीतरी लिहिलं, “पायरी सात इंचांची दाखवली आहे. ती नऊ इंचांची आहे. गुडघ्याला विचारा.” अदिती दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेली. पायरी नऊ इंचांची निघाली. तिनं नंबर मिळवून फोन केला, आणि पुढच्या रविवारी चंद्रकलाताई सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःच्या पेन्सिली अशा अनिशच्या गांधीबागेतल्या खोलीवर हजर झाल्या.

“ताई, फक्त तुमचं राहिलं,” एका रविवारी अदिती म्हणाली. “या आठवड्यात पाठवायचं आहे.”

“मी काय लिहू वं? मी आर्किटेक्ट नाही, इंजिनिअर नाही. आयटीआय करून एका ऑफिसात ट्रेसर होती. साहेबांनी काढलेलं ट्रेसिंगवर उतरवायचं, बस.”

“इतकी वर्षं नुसतं उतरवलंच?” रुचिकानं विचारलं.

चंद्रकलाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, “काही माझंही होतं. पहिलं खाप्याचं.”

मग त्यांनी सांगितलं. चौऱ्याण्णव साली सावनेरजवळच्या खाप्याच्या विणकरांच्या एका सोसायटीसाठी माग ठेवायची मोठी शेड करायची होती. त्यांच्या ऑफिसच्या मधुसूदन साहेबांच्या हाती तेव्हा शहरातली मोठी कामं होती. त्यांनी कागदावर एक लांबट चौकोन काढला, “चंद्रकला, तुझ्या घरी माग आहे ना? मग बघ तूच काय ते,” असं म्हणाले आणि निघून गेले.

घरी माग होता. वडील, बाबनराव, कोष्टीपुऱ्यातल्या एका अंधाऱ्या खोलीत विणत. खोलीला खिडकी नव्हती. ते दाराशी एक आरसा तिरपा टेकवून ठेवत, म्हणजे अंगणातलं ऊन आत मागावर पडे. ऊन सरकलं की धाकट्या चंद्रकलेनं आरसा सरकवायचा. पन्नाशीतच त्यांची नजर इतकी गेली, की तुटलेला धागा ते बोटांनी शोधत.

तिनं त्या चौकोनाच्या उत्तरेच्या भिंतीत अकरा खिडक्या काढल्या. उंचावर, एका ओळीत. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो. डोळ्यांवर येत नाही, सावली नाचवत नाही. बाकी तिन्ही भिंती जाड आणि जवळपास कोऱ्या. आठ दिवस ती त्याच कागदावर होती. साहेबांनी पाहिलं, “बरं आहे” म्हणाले आणि खाली सही केली.

“मग कशी झाली शेड?” अनिशनं विचारलं.

“मी पाहिली नाही.”

“नाही पाहिली?” रुचिकानं विचारलं.

“ट्रेसरले साइटवर नेत नव्हते गा. दर गुरुवारी जीप जायची. अमोनियाचा वास मारणारी नकाशाची प्रिंट गुंडाळून मीच जीपमध्ये ठेवून द्यायची. एकदा विचारलं साहेबांना, मी येऊ का म्हणून. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, चंद्रकला, ऊन फार आहे, तिथे तुझं काय काम? मंग मी परत नाही विचारलं.” त्यांनी कप परत उचलला. “बाबा मात्र विचारत होते रोज. झालं काय वं ते खाप्याचं? मी म्हणायची, झालं. छान झालं. पुढल्या वर्षी बाबा गेले.”

आपण न पाहिलेल्या त्या शेडचं चित्र त्यांच्याजवळ किती पक्कं होतं, हे त्यांनी त्या तिघांना सांगितलं नाही. ऑफिसात कंटाळा आला, भावाच्या घरात कुणाशी खटका उडाला, दवाखान्याच्या रांगेत बसावं लागलं, की त्या मनानं शेडमध्ये जात. अकरा खिडक्यांतून उजेड उतरलेला. मागांची ओळ. कुणालाच आरसा लागत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी तिथे भिंतींना दोनदा नवा चुनासुद्धा दिला होता.

“चला मग,” अनिश म्हणाला. “पाहून येऊ. ओळख नंतर लिहा.”

मार्चचा दुसरा आठवडा होता. दोन दिवसांनी जेवणं करून अनिशच्या गाडीनं तो आणि ताई निघाले. सावनेरच्या रस्त्यानं गाडी चालली होती आणि ताई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांनी नवी साडी नेसली होती. अनिशनं ते पाहिलं.

खाप्यात विचारत विचारत ते शेडपाशी पोचले तेव्हा अडीच वाजले होते. शेड उभी होती. लांबट, वर पत्र्याचं छप्पर, ताईंनी काढली होती अगदी त्याच मापाची. ताई गाडीतून उतरल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. एका ओळीत अकरा खिडक्या होत्या. प्रत्येक खिडकीवर बाहेरून गोणपाट ठोकलेलं होतं. आणि त्या खिडक्यांवर आणि ताईंच्या तोंडावर एकाच वेळी ऊन येत होतं.

अनिशनं फोनमधलं होकायंत्र काढलं. गरज नव्हती. दुपारी अडीच वाजता ऊन कुठून येतं, ते ताईंना कळत होतं.

“पश्चिम,” त्या म्हणाल्या.

आत सहा माग चालू होते. सगळ्या बायाच. दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लागलेल्या होत्या. दाराशी सत्तरीची एक बाई रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरत होती. तिचं नाव पंचफुला. लग्न होऊन आली तेव्हापासून विणत होती. आता कंबर साथ देत नाही म्हणून कांड्या भरायची.

“आजी, खिडक्यांवर गोणपाट काहून?” अनिशनं विचारलं.

“मंग काय करता? दोन वाजले का ऊन थेट ताण्यावर येते. धागा वाळते न् तुटते. एक जोडला का दुसरा तुटते. पयले पयले आमी ओले पोते टांगत होतो. मंग ठोकूनच टाकले.” रहाट न थांबवता ती पुढे म्हणाली, “ज्यानं ह्या खिडक्या काढल्या, त्याले एक दिवस मागावर बसवाले पायजे होतं इथं. उन्हाळ्याचा.”

अनिश ताईंकडे न बघता घाईनं काहीतरी बोलायला लागला. ताईंनी त्याला हातानं थांबवलं.

“मी काढल्या,” त्या म्हणाल्या.

पंचफुलाबाईंचा रहाट थांबला.

“मी उत्तरेले काढल्या होत्या, बाई. उत्तरेकडून ऊन येत नाही. ह्या इकडं कशा आल्या, मले नाही माहीत.”

पंचफुलाबाईंनी आठवून सांगितलं. आधी जागा नाल्यापलीकडे ठरली होती. तिथे वाद झाला, मग ही जागा मिळाली. इथे रस्ता दुसऱ्या बाजूला. “मिस्त्री म्हणे, नकाशा तोच, फक्त फिरवून घ्या, म्हणजे दार रस्त्यावर येते. घेतला फिरवून. तुमचे साहेब होते उभे इथंच.”

ऑफिसात कुणी ते सांगितलं नव्हतं. सांगावं असं त्यात काही आहे, हेच कुणाला वाटलं नसणार. कागद एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळवला, बस.

“मंग तुमी आल्या काहून नाही?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“कोणी आणलं नाही.”

“आणाले काय लागते वं? नागपूरची मोटार रोजच येते. सकाळी येते, संध्याकाळी जाते. तुमी एक डाव आल्या असत्या, तर आमी तवाच सांगितलं असतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. बसस्टँड त्यांच्या घरापासून पायी पंचवीस मिनिटांवर. एकतीस वर्षं रोज मनानं खाप्याला जाणारी बाई एकदाही त्या गाडीत बसली नव्हती. आपल्याला कुणीतरी बोलवेल, ‘या, हे तुमचं आहे’ म्हणेल, याची वाट बघत राहिली होती. आणि इथे धागे तुटत होते, मग दिवसाढवळ्या दिवे लागत होते.

परतताना त्यांनी सावनेर ओलांडलं. मग अनिश म्हणाला, “चूक साहेबांची आहे, ताई. प्लॅन फिरवताना तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. आपण तसं लिहू.”

“लिही ना. खरंच आहे ते. पण माझंही लिही गा. मले कोणी बांधून नव्हतं ठेवलं.”

ओळख त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिली आणि अदितीला पाठवली. ‘चंद्रकला हेडाऊ, ड्राफ्ट्समन. खापा येथील विणकरांची शेड यांनी काढली. खिडक्या उत्तरेला काढल्या होत्या, त्या पश्चिमेला बसल्या. हे त्यांना एकतीस वर्षांनी कळले, कारण त्या पाहायला गेल्या नव्हत्या.’

अदितीनं ते दोनदा वाचलं. तिला वाटलं, ताईंना समजवावं, एवढं स्वतःला उघडं पाडू नका म्हणावं. तिनं फोन हातात घेतला आणि परत ठेवला. मग एक अक्षर न बदलता पुण्याला पाठवून दिलं.

पुढच्या मंगळवारी चंद्रकलाताई सकाळच्या गाडीनं एकट्या खाप्याला गेल्या. सोबत टेप, पेन्सिली आणि डबा. पंचफुलाबाईंनी एकदा वर पाहिलं आणि बसायला पोतं सरकवलं. ताईंनी दिवसभर नुसतं पाहिलं: ऊन किती वाजता कुठल्या खिडकीवर येतं, कुठल्या मागापर्यंत पोचतं. पुढल्या खेपेला त्या कागद घेऊन आल्या. पश्चिमेच्या भिंतीबाहेर बांबूची उतरती पडवी, तिच्यावर विणलेल्या ताट्या. भिंतीपासून वीतभर सोडून, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल आणि गोणपाट काढून टाकता येईल.

गावातला धोंडबा बुरूड काम करायला तयार झाला. त्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि हसला. “बाई, कागदावर जमीन सपाट राहते. इथं उतार हाय. त्या टोकाले तुमचा बांबू हातभर कमी पडते.”

ताईंनी जाऊन पाहिलं. खरंच उतार होता. त्यांनी तिथेच मातीत उकिडवं बसून माप बदललं. कपाळावरून घाम ओघळत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साइटवर एक रेघ खोडली होती आणि दुसरी काढली होती. का कोण जाणे, त्यांना रडू आलं. धोंडबानं बांबू तासायला घेतले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गोणपाटं निघाली. अनिशनं थर्मामीटर टांगला. आतलं तापमान साडेतीन अंशांनी उतरलं होतं. रुचिकानं फोटो काढले. तीन वाजता ट्यूबलाइट बंद करून माग चालले. उजेड मऊ होता, पण ताट्यांमधून गाळून आलेला, थोडा पिवळट. ताईंच्या मनातला तो उजेड हा नव्हे. तो निळसर, सपाट, उत्तरेचा. तो या भिंतींत कधी येणार नव्हता.

“बरं झालं,” पंचफुलाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पण उत्तरेचा कसा दिसला असता वं?”

ताईंनी बराच वेळ लावून सांगितलं. बाया माग थांबवून ऐकत होत्या.

ब्लॉगवर तो लेख आला, पुष्कळांनी वाचला. एकदोघांनी ताईंची चूक काढली, एकदोघांनी साहेबांची. ताईंनी ते वाचलं आणि पुढचं काम हाती घेतलं. आपण काढलेल्या आणि न पाहिलेल्या इमारतींची नावं त्यांनी आठवून आठवून लिहिली. एकोणतीस झाली.

मे महिन्यात त्या काटोलला गेल्या. तिथल्या एका डॉक्टरचा छोटा दुमजली दवाखाना त्यांनी काढला होता. त्याचा जिना गोलाकार होता आणि वर चढणाऱ्याला प्रत्येक वळणावर अंगणातला कडुनिंब दिसावा, अशी त्याची आखणी. पत्ता सापडला. कडुनिंबही होता. दवाखाना मागच्या दिवाळीनंतर पाडला होता, असं शेजारच्या किराणा दुकानदारानं सांगितलं. डॉक्टर कधीच वारले, मुलं परदेशात.

“आत जाऊ काय जरा?” ताईंनी विचारलं.

“जा की. काही नाही तिथं.”

ताई आत गेल्या. विटांचे तुकडे, वाळलेलं गवत. त्या कडुनिंबाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, दोन पावलं मागे सरल्या, मग एक पाऊल डावीकडे. जिना इथेच कुठेतरी सुरू होत असणार. दुकानदार गल्ल्यावरून बघत होता. ताईंनी साडीचा पदर डोक्यावर घेतला आणि हळूहळू, वर बघत, गोल फिरायला लागल्या.