शेवटचं पान दुकानात

जावयाला दारू नाही, पत्ते नाहीत, साधी सुपारीही नाही, हे माझी आई नांदेडला आमच्या अख्ख्या गल्लीत सांगत फिरायची. जावयाला सारंग तांडेल आहे, हे तिला लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

सारंग तांडेल हा एका जुन्या मासिकातल्या चित्रकथांचा नायक. चौकटीची लुंगी, कमरेला कोयता, फाटक्या शिडाचं गलबत आणि सतत वादळ. मासिक पुण्याहून निघायचं आणि आमच्या लहानपणीच बंद पडलं. ज्या भागात टँकर आला की हंड्यांवरून भांडणं होतात, तिथला हा माणूस समुद्राच्या गोष्टींवर वाढला. खरा समुद्र त्याने आमच्या लग्नानंतर पाहिला. पाहून म्हणाला, चित्रात जास्त निळा असतो.

चारचौघांत मी सिद्धेश्वरला अहो म्हणते. इथे लिहिताना तो म्हणते, कारण त्याशिवाय मनासारखं रागावता येत नाही.

लातूरच्या एका क्लासमध्ये तो फिजिक्स शिकवायचा. आठवडाभर ठीक असायचा. रविवार उजाडला की घरात येरझारा सुरू. चहा अर्धा ठेवून उठायचा, चपला घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. मग एसटी पकडून सोलापूर, हैदराबाद, जिथे म्हणून जुनी रद्दी मिळते तिथे. सासुरवाडीला एवढ्या उत्साहाने जाणारा जावई नांदेडात दुसरा नव्हता, आणि उतरल्याबरोबर तो आधी वजिराबादेत रद्दीवाल्याकडे जायचा, मग सासूच्या पाया पडायचा. सगळे अंक जमले होते. काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशव्यांत, डांबरगोळ्यांसह. फक्त शेवटच्या अंकाचं, ‘काळ्या खडकाची खाडी’चं, शेवटचं पान नव्हतं.

ते का नव्हतं, ते सांगायला हवं. सिद्धेश्वरचे वडील किल्लारीला शाळेत मास्तर होते, म्हणून त्याचं बालपण तिथलं. गावात गुरुलिंगअप्पांचं छोटं दुकान होतं, चित्रांची पुस्तकं भाड्याने देण्याचं. पोरं पुस्तकं नेत आणि परत करायची विसरत. अप्पांनी त्यावर नामी उपाय काढला होता. नवा अंक आला की बायको कमलम्मा ब्लेडने त्याचं शेवटचं पान अलगद कापायची आणि उरलेला अंक गोधडीच्या लाल दोऱ्याने शिवायची. पुस्तक घरी जायचं, पान डब्यात राहायचं. पानाच्या कोपऱ्यात अप्पा पेन्सिलीने नेणाऱ्याचं नाव लिहीत. पुस्तक परत आणलं की दुकानाशी उभं राहून शेवट वाचायचा, आणि अप्पा रबराने नाव खोडत. गावात म्हणच पडली होती, शेवटचं पान दुकानात. हट्टी पोरालाही आया तेच ऐकवत.

दहावीनंतर वडिलांची बदली झाली, घर लातूरला आलं. भूकंपाच्या वर्षी सिद्धेश्वर अकरावीत होता. गणपती बुडवायच्या दिवशी तो मित्रांना भेटायला किल्लारीला गेला. रेवण आणि बसू, दोघं जिवाचे दोस्त. मुक्काम कर म्हणून दोघांनी त्याची पिशवी लपवली होती. याला दुसऱ्या दिवशी क्लासची परीक्षा. लातुरात तेव्हाही परीक्षेपुढे देव धाकटाच. शेवटच्या गाडीच्या आधी त्याने अप्पांकडून ‘काळ्या खडकाची खाडी’ घेतलं, पुढच्या खेपेला परत करतो म्हणाला आणि गाडीत बसला. त्याच रात्री किल्लारी गेलं.

हे मला त्याने एकदाच सांगितलं, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, तेही पाठ करून बसून. तो पुन्हा किल्लारीला गेला नाही. त्या बाजूच्या लग्नाला वऱ्हाडात जाणंही तो टाळायचा. दुकान गेलं, डबा गेला, हे त्याने धरूनच चाललेलं होतं. आणि मग सुरू झाली ही रद्दी. एकदा वजिराबादेत त्याच अंकाची दुसरी प्रत मिळाली, तर तिची मागची पानं वाळवीने खाल्लेली. त्या दिवशी आईने पुरण घातलं होतं, हा ताटावरून उठला. आपलं काही चुकलं म्हणून आई बिचारी वर्षभर हळहळत होती.

मला त्याचा राग यायचा. माणसं शोधता येत नाहीत म्हणून पान शोधतोय, हे मला कळत होतं, तरी यायचा. कारण त्या कपाटाने घरातली एक खोली अडवली होती आणि लातुरात तेव्हा खोलीला सोन्याचे दिवस होते. क्लासेसचं पीक आलेलं. आमच्या गल्लीत लोकांनी जिन्याखालीसुद्धा कॉट टाकून पोरं ठेवली होती. शेवटी त्या जूनमध्ये मी ठरवलं, खोली द्यायची, कपाट हॉलमध्ये येईल. सिद्धेश्वर हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, चपला घालून बाहेर गेला.

खोली बघायला पहिले आले व्यंकटी, मुलीला अकरावीला घालायला, किल्लारीहून. गाव सांगितलं तेव्हा सिद्धेश्वर दारात थबकला. व्यंकटींचं लक्ष मात्र कपाटाकडे. काचेतून त्यांनी तो लाल दोरा पाहिला.

“हे अप्पाच्या दुकानातलं हाय की,” ते म्हणाले. “डबा तर आमच्या शेजारी हाय अजून.”

कमलम्मा जिवंत होत्या. नव्या किल्लारीत, व्यंकटींच्या घराला लागून. ढिगाऱ्यातून अप्पांना काढलं तेव्हा बिस्किटाचा तो पत्र्याचा डबाही निघाला होता, आणि म्हातारीने तो कुणाच्या हाताला लागू दिला नव्हता. पुण्याचा कुणी जुन्या वस्तू घेणारा आला होता, त्यालाही नाही म्हणाल्या. एकच बोलणं: पुस्तक आणून दे, मग पान वाच. व्यंकटी हसत सांगत होते. सिद्धेश्वरचा चेहरा पाहून ते हसायचे थांबले.

सतरा-अठरा वर्षं हा माणूस हैदराबादपर्यंत हिंडला, आणि पान घरापासून दीड तासावर होतं. मला हसावं की रडावं कळेना. पण खरी पंचाईत पुढे होती. शेवट वाचायचा तर पुस्तक द्यायला हवं. आणि ते पुस्तक म्हणजे कपाटातला जीव. ओल्या हाताने मी काचेलासुद्धा शिवलेलं त्याला चालायचं नाही.

पुढचा पंधरवडा घरात भूत शिरल्यासारखा गेला. जेवताना उठायचा. पोरांना एक गणित दोनदा शिकवून आला. मला विचारायचा, देऊ का? मी म्हणायची, द्या. मग दिवसभर अबोला. मी म्हणायची, नका देऊ. मग म्हणायचा, तुला काय कळतंय. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की असेच फिरत राहिलात तर फरशी झिजेल आणि मालक आपणच आहोत.

एका संध्याकाळी तो कॉलेज रोडवरून एक पिशवी घेऊन आला. आत ‘काळ्या खडकाची खाडी’. दोन. त्याने रंगीत झेरॉक्स काढून, कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवून, लाल दोऱ्याने शिवून घेतलं होतं. दोरासुद्धा जुनाट दिसेल असा हळदीच्या बोटांनी मळवलेला. म्हाताऱ्या बाईला दिसत नसणार, असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला. फिजिक्सचा मास्तर, चारशे पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगणारा. मला त्याची लाज वाटली आणि त्याहून जास्त कीव आली.

रविवारी आम्ही निघालो. औशापर्यंत एसटी, पुढे जीप. पिशवी त्याच्या मांडीवर, दोन्ही पुस्तकं आत, आणि बोटं सारखी पिशवीच्या तोंडाशी. किल्लारीची पाटी आली तशी त्याने खिडकीकडे पाठ केली. नवं गाव सरळ रेषेत आखलेलं, सगळी घरं सारखी. त्याला ओळखू येईल असं तिथे काही नव्हतं. त्यामुळेच तो जीपमधून उतरू शकला असावा.

कमलम्मा पडवीत गहू निवडत बसल्या होत्या. व्यंकटींनी सांगितलं, पाहुणे आलेत, पुस्तक आणलंय. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले. कोण, कुठले, काही विचारलं नाही. आत जाऊन डबा घेऊन आल्या.

“कंचं पुस्तक?”

सिद्धेश्वरने नाव सांगितलं. पिशवीत हात घातला आणि झेरॉक्स बाहेर काढली. मी बघत होते.

कमलम्मांनी झाकण काढलं. आत शेवटची पानं, एकावर एक, कोपरे पिवळे पडलेले. त्या एक-एक पान उचलून मांडीवर पालथं घालायला लागल्या. वाचता येत नव्हतं त्यांना. पण पान कुणाचं ते तोंडपाठ होतं, अप्पा नवं पान सगळ्यांत खाली सारत, त्याच क्रमाने.

“हे शिवम्माच्या पोराचं. न्हाई आला. हे बसूचं. न्हाई आला. हे रेवणचं.” पान त्यांनी थोडा वेळ हातात धरलं. “ह्यो बी न्हाई आला.”

व्यंकटींनी मान खाली घातली. डब्यातली पानं म्हणजे बाहेर गेलेली पुस्तकं, आणि नेणारे त्या रात्री गावातच झोपलेले. म्हातारी इतकी वर्षं कुणी तरी परत करायला येईल म्हणून डबा राखून बसली होती.

मी सिद्धेश्वरकडे पाहिलं. त्याने झेरॉक्स पुन्हा पिशवीत टाकली, खरं पुस्तक काढलं, प्लास्टिकमधून सोडवलं आणि दोन्ही हातांनी कमलम्मांच्या मांडीवर ठेवलं. मला त्या क्षणी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. परक्याच्या पडवीत ते करता येत नाही.

कमलम्मांनी पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. लाल दोऱ्याच्या गाठीशी थांबल्या. आपल्याच हातची गाठ माणूस विसरत नाही. मग डब्याच्या तळातून शेवटचं पान काढलं.

“हे मास्तरच्या सिद्धूचं हाय,” त्या म्हणाल्या. “त्यो त्या दिशी आल्ता. रेवणच्या घरी ऱ्हायला म्हन्ले. तुमाला कुटं घावलं?”

मीच म्हणाले, की आजी, हाच सिद्धू. हा त्या दिवशी शेवटच्या गाडीने गेला होता.

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. रडल्या नाहीत, तोंडावरून हात फिरवला नाही, आपण समजतो तसलं काही केलं नाही. डब्यात हात घालून अप्पांचं रबर काढलं, दगडासारखं कडक झालेलं, आणि पानाच्या कोपऱ्यातलं नाव खोडायला लागल्या. पेन्सिल जाईना. काळा डाग पसरला. त्या घासतच राहिल्या. जुना कागद भुसभुशीत झाला आणि नावाच्या जागी भोक पडलं, तरी घासत होत्या.

ज्याच्या अंकाच्या कोपऱ्याला घडी पडली तर घरात दोन दिवस सुतक असायचं, तो माणूस समोर उकिडवा बसून बघत होता. म्हणाला नाही, जपून.

“आला,” कमलम्मा म्हणाल्या, आणि पान त्याच्या हातात दिलं. “उभं ऱ्हा. उभ्यानं वाचायचं.”

तो उभा राहिला. मी खांद्यावरून डोकावले. चार चित्रं. पहिल्या चित्रात खडक, दुसऱ्यात लाट, तिसऱ्यात सारंग तांडेल किनाऱ्याला लागतो, चौथ्यात वाळूत बसून लुंगी पिळतो. कसा वाचला, काही नाही. खाली अर्धं पान केसांच्या तेलाची जाहिरात. मासिक बंद करायचं म्हणून कसंबसं गुंडाळलेलं. याच्यासाठी आईच्या पुरणाचा अपमान झाला होता.

सिद्धेश्वर हसायला लागला. कमलम्माही हसल्या, कशाला ते न कळता. मग त्याचं हसू मध्येच मोडलं आणि तो पडवीच्या खांबाला धरून रडला. रेवण, बसू, अप्पा, अशी नावं घेऊन रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. या वेळी लोक बघत होते, तरी ठेवला.

निघताना त्याने पान परत दिलं. कमलम्मांनी ते टाचणीने पुस्तकात लावलं आणि पुस्तक आत फळीवर नेऊन ठेवलं. फळीवर दुसरं पुस्तक नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी डब्याचं झाकण लावलं, आणि दुकानात बसल्यासारख्या सवयीने विचारलं, “दुसरं कंचं देऊ?”

विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या दारातून फळीवरच्या एकट्या पुस्तकाकडे बघत राहिल्या.

पुढच्या रविवारी सिद्धेश्वरने पुन्हा सकाळपासून येरझारा घातल्या. चहा अर्धा ठेवला. चपला घातल्या. मग काचेचं कपाट उघडलं आणि सारंग तांडेलचे सगळे अंक पोत्यात भरायला घेतले. मी ओल्या हातांनी पोत्याचं तोंड धरून उभी होते. तो काही म्हणाला नाही.